शरियतीतील शरीरदंड आणि वैद्याचे दायित्व

अपराध्याला दंड देण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार सर्वच समाजांनी मान्य केलेला आहे. मतभेद आहे तो दंडाच्या स्वरूपाविषयी. अपराध्याचे स्वातंत्र्य काही काळ काढून घेणे किंवा त्याच्याकडून द्रव्य वसूल करणे हे दंडाचे आधुनिक प्रकार होत. अपराध्याच्या देहाला वेदना देणे, त्याचा अवयव तोडणे हा प्राचीन प्रकार होय. हा प्राचीन प्रकार जगातून अजून गेलेला नाही. इस्लामी धर्मशास्त्राच्या, म्हणजेच शरियतीच्या आधाराने काही राष्ट्रांत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने अंमलात आला. त्याबरोबर एक नवा प्रश्नही उपस्थित झाला. पूर्वी दंडस्थानी अपराधी आणि जल्लाद असे दोघेच असत. आता त्यांच्या शेजारी वैद्य उभा राहिला आहे. तो अपराध्याची नाडी पाहतो, त्याचे शरीर दंड सोसण्यास समर्थ आहे असा दाखला देतो आणि क्वचित शस्त्रही स्वतःच्या हाती घेतो. अशा वैद्याचा धर्म कोणता?

प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. एका धर्माला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा आमचा हेतू नाही. या दंडांखाली भरडले गेलेले बहुसंख्य लोक मुसलमानच आहेत आणि या दंडांना धैर्याने विरोध करणाऱ्यांतही मुसलमान विचारवंत व वैद्य आहेत, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावी.

अपराधांचे तीन वर्ग

इस्लामी विधिशास्त्रात अपराधांची तीन वर्गांत विभागणी केली जाते. पहिला वर्ग 'हद्द', अनेकवचनी 'हुदूद'. यांतील दंड ईश्वराने निश्चित केलेले आहेत, म्हणून न्यायाधीशाला ते कमी-अधिक करता येत नाहीत, अशी धारणा आहे. चोरीसाठी हात तोडणे, वाटमारीसाठी एका बाजूचा हात व दुसऱ्या बाजूचा पाय तोडणे, व्यभिचारासाठी शंभर फटके, व्यभिचाराचा खोटा आळ घेण्यासाठी ऐंशी फटके हे दंड कुराणात आलेले आहेत. मद्यपानाचे फटके मात्र परंपरेतून आले. शाफी संप्रदाय ते चाळीस मानतो, तर हनफी व मालिकी संप्रदाय ऐंशी मानतात. दुसरा वर्ग 'किसास', म्हणजे इजेच्या बदल्यात तेवढीच इजा. येथे जखमी व्यक्तीला अपराध्यास क्षमा करण्याचा किंवा 'दिया' म्हणजे भरपाईची रक्कम स्वीकारण्याचा अधिकार असतो. तिसरा वर्ग 'ताझीर'. येथे दंड किती व कोणता द्यावा हे न्यायाधीशाच्या किंवा शासनाच्या विवेकावर सोपविलेले असते.

हुदूदच्या अंमलबजावणीवर प्राचीन शास्त्रकारांनी पुष्कळ बंधने घातली होती. व्यभिचार सिद्ध होण्यास चार प्रत्यक्ष साक्षीदार लागत. चोरलेली वस्तू ठराविक किमतीची आणि सुरक्षित जागी ठेवलेली असावी लागे. संशयाला जागा असेल तर हद्द टाळावी, असा त्यांचा सर्वमान्य नियम होता. दुसरे खलिफा उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी चोरीसाठी हात तोडण्याचा दंड स्थगित केला होता, असे इस्लामी परंपरा सांगते. भुकेलेल्याच्या चोरीला चोरी म्हणावे काय, हा प्रश्न त्या राज्यकर्त्यालाही पडला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

फटके कसे मारावेत याचेही नियम शास्त्रकारांनी घालून दिले. चाबूक फार जाड वा फार बारीक नसावा, मारणाऱ्याने हात फार उंच उचलू नये, चेहरा व गुह्यांग टाळावे, आजारी व गर्भवतीचा दंड पुढे ढकलावा. हात तोडल्यावर रक्त थांबावे म्हणून तो उकळत्या तेलात बुडवावा, असेही ग्रंथांत येते. दंड मृत्यूस कारण होऊ नये हा यामागील उद्देश होता. आधुनिक काळात वैद्याला दंडस्थानी आणले गेले ते याच उद्देशाच्या नावाने. म्हणजे ज्या तरतुदीत थोडी दया होती, तिच्याच वाटेने वैद्यक दंडयंत्रणेत शिरले.

१९७९ नंतरचा इतिहास

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत बहुतेक मुस्लिम देशांनी युरोपीय धर्तीच्या दंडसंहिता स्वीकारल्या होत्या. सौदी अरेबियासारख्या मोजक्या देशांतच हे दंड अखंड चालू राहिले. १९७९ पासून मात्र प्रवाह उलटला. त्या वर्षी पाकिस्तानात जनरल झिया उल-हक यांनी हुदूद अध्यादेश काढले. इराणमध्ये त्याच वर्षी क्रांती झाली आणि १९८२ मध्ये हुदूद व किसास यांचा कायदा तेथे आला. सुदानमध्ये जाफर निमेरी यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये शरियतीचे फौजदारी कायदे लागू केले आणि खार्तूमच्या कोबर तुरुंगात जाहीरपणे हात तोडले जाऊ लागले. अफगाणिस्तानात तालिबानांच्या पहिल्या राजवटीत, १९९६ ते २००१ या काळात, काबूलच्या गाझी क्रीडांगणावर लोकांच्या समोर अवयव तोडण्यात आले. नायजेरियाच्या झमफारा राज्यात मार्च २००० मध्ये गाय चोरल्याबद्दल एका माणसाचा उजवा हात तोडला गेला. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात २००५ पासून वेताचे फटके जाहीरपणे मारले जात आहेत.

तालिबान ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा सत्तेवर आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च नेत्याने हुदूद व किसास यांची पूर्ण अंमलबजावणी करण्याचा आदेश न्यायाधीशांना दिला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अफगाणिस्तानातील दूतमंडळाने मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, त्यापूर्वीच्या सहा महिन्यांत २७४ पुरुष, ५८ स्त्रिया व २ मुलगे यांना जाहीरपणे फटके मारण्यात आले होते. यावरून हा विषय केवळ ग्रंथांतला नाही, हे स्पष्ट होईल.

शरीरावर होणारा परिणाम

फटका ही वरवरची इजा आहे, असा एक सर्वसाधारण समज असतो. वैद्यकीय दृष्टीने तो बरोबर नाही. वेत किंवा चाबूक त्वचेवर आदळतो तेव्हा त्वचेखालील बारीक रक्तवाहिन्या फुटतात. त्याच जागेवर पुन्हा पुन्हा प्रहार झाले की त्वचा फाटते, स्नायू चिरडतात. चिरडलेल्या स्नायूंतील एक प्रथिन रक्तात उतरते व मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांत अडकून मूत्रपिंडे निकामी करू शकते. कोठडीत बेदम मार खाल्लेल्यांच्या बाबतीत वैद्यांना हे चांगले परिचित आहे. उघड्या जखमांत जंतुसंसर्ग होतो. मधुमेही, हृदयरोगी किंवा रक्त न गोठण्याचा विकार असलेल्या माणसाला तेवढेच फटके प्राणघातक ठरू शकतात. व्रण पुढे राहतात ते वेगळेच. जमावापुढे झालेल्या विटंबनेने झोप उडणे, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, माणसांत जाण्याची भीती वाटणे हे मानसिक आघात वर्षानुवर्षे टिकतात.

अवयवच्छेदाची हानी तर कायमची असते. मनगटाशी हात तोडला म्हणजे दोन मोठ्या रोहिण्या, तीन मुख्य मज्जातंतू आणि बोटे हलविणाऱ्या सर्व स्नायुबंधांचा छेद होतो. तुटलेल्या मज्जातंतूंच्या टोकांशी गाठी होतात व त्या जागेला नुसता स्पर्श झाला तरी कळ उठते. पुष्कळांना नसलेल्या हाताच्या ठिकाणी वेदना होत राहतात. गेलेल्या बोटांची आग होते आणि तिच्यावर हमखास इलाज नाही. हात आणि विरुद्ध बाजूचा पाय गमावलेल्या माणसाला कुबडीसुद्धा नीट धरता येत नाही. शिवाय ज्या समाजांत उजव्या हाताने जेवायचे व डाव्या हाताने शौच करायचे अशी रीत आहे, तेथे उजवा हात गेलेल्या माणसाला लोकांच्या पंक्तीत बसणेही अवघड होते. त्याचा खुंट पाहून कोणीही ओळखतो की हा चोर होता. त्याने दंड भोगला, तो सुधारला, तरी ती खूण पुसली जात नाही. कष्ट करून जगण्याचे साधनच ज्याचे नाहीसे केले, त्याने पुन्हा चोरी न करता कसे जगावे, याचे उत्तर दंड देणाऱ्याजवळ नसते.

वैद्याला नेमून दिलेले काम

या सर्व व्यवहारात वैद्याला कोणते काम दिले जाते, ते पाकिस्तानच्या १९७९ च्या कायद्यांत स्वच्छ शब्दांत लिहिलेले आहे. मालमत्तेच्या अपराधांविषयीच्या अध्यादेशानुसार किमान ४.४५७ ग्रॅम सोन्याच्या किमतीची चोरी हद्दीस पात्र होते. पहिल्या वेळी उजवा हात मनगटाच्या सांध्यातून व दुसऱ्या वेळी डावा पाय घोट्यापर्यंत तोडावा आणि हा छेद अधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याने करावा, असे त्यात म्हटले आहे. छेदाने मृत्यू ओढवेल असे त्या अधिकाऱ्याला वाटले, तर तो धोका टळेपर्यंत दंड पुढे ढकलावा. म्हणजे वैद्याने आधी रोग्याला तपासायचे, तो दुर्बल असेल तर थांबायचे, आणि तो सशक्त झाला की त्याचा हात तोडायचा. वैद्यकात प्रकृती सुधारणे ही आनंदाची वार्ता असते. येथे तीच दंडाची पूर्वतयारी ठरते. पाकिस्तानात हा दंड न्यायालयांनी काही वेळा सुनावला, पण तो एकदाही प्रत्यक्षात आला नाही. असा छेद करावयास वैद्य तयार नव्हते, हे त्याचे एक प्रमुख कारण सांगितले जाते.

फटक्यांविषयीचा त्याच वर्षीचा अध्यादेश याहूनही तपशीलवार आहे. चाबूक कातड्याचा, वेताचा किंवा झाडाच्या फांदीचा, गाठ वा जोड नसलेला असावा. त्याची लांबी १.२२ मीटर व जाडी १.२५ सेंटिमीटर यांहून अधिक नसावी. दंडापूर्वी वैद्यकीय तपासणी व्हावी आणि दंड वैद्यकीय अधिकाऱ्याच्या उपस्थितीत द्यावा. हवा अति थंड किंवा अति उष्ण नसावी. गर्भवतीला प्रसूतीनंतर दोन महिन्यांनी फटके मारावेत. १९९६ च्या एका अधिनियमाने पाकिस्तानने हुदूदखेरीज अन्य अपराधांसाठीचे फटके रद्द केले, ही समाधानाची गोष्ट होय.

इराणमधील शिया परंपरेनुसार चोराचा पूर्ण हात न तोडता उजव्या हाताची चार बोटे तोडतात, अंगठा व तळहात राखतात. २०१३ मध्ये शिराझ येथे बोटे छाटणाऱ्या यंत्राची छायाचित्रे तेथील वृत्तसंस्थेनेच प्रसिद्ध केली. त्याच देशात २००४ मध्ये एका तरुणीच्या चेहऱ्यावर आम्ल फेकून तिची दृष्टी नष्ट करण्यात आली. न्यायालयाने किसास म्हणून अपराध्याचेही डोळे फोडण्याचा आदेश २००८ मध्ये दिला. जुलै २०११ मध्ये दंडाची सर्व सिद्धता झाली असताना त्या तरुणीने शेवटच्या क्षणी त्याला क्षमा केली. जिच्यावर अन्याय झाला तिने जी करुणा दाखविली, ती राज्याच्या यंत्रणेला दाखविता आली नव्हती. २०१० मध्ये सौदी अरेबियातील तबूक येथील एका न्यायाधीशाने, अपराध्याचा पाठीचा कणा असा छेदता येईल काय की तो लुळा होईल, अशी विचारणा रुग्णालयांकडे केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यातील एका प्रमुख रुग्णालयाने हे वैद्यकीय नीतीत बसत नाही, असे उत्तर दिल्याचेही त्या वृत्तात होते.

शस्त्रवैद्यकाच्या प्रगतीने आणखी एक पेच निर्माण केला. १९६२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे एका मुलाचा तुटलेला हात पुन्हा जोडण्यात शस्त्रवैद्यांना यश आले. तेव्हा प्रश्न आला की, हद्दीत तोडलेला हात वैद्याने जोडून द्यावा काय? मार्च १९९० मध्ये जेद्दा येथे भरलेल्या इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने असा निर्णय दिला की, जोडू नये, कारण दंडाची खूण राहणे हा दंडाचाच भाग आहे. निवाडा चुकीचा होता असे सिद्ध झाल्यास जोडण्यास तिने मुभा दिली आणि किसासच्या बाबतीत जखमी व्यक्तीच्या संमतीचा अपवाद केला. वैद्यकाला जे शक्य आहे ते न करण्याचा आदेश येथे वैद्याला मिळतो. इलाज हाताशी असताना रोग्याला पांगळे राहू द्यावे, हे कोणत्याही वैद्याला जड जाईल.

वैद्यकाची आचारसंहिता काय सांगते

जागतिक वैद्यक संघटनेने ऑक्टोबर १९७५ मध्ये टोकियो येथे एक घोषणापत्र स्वीकारले. छळ किंवा क्रूर, अमानुष व मानहानिकारक वागणूक यांत वैद्याने भाग घेऊ नये, त्यासाठी जागा, उपकरणे वा ज्ञान पुरवू नये, इतकेच नव्हे तर अशा ठिकाणी उपस्थितही राहू नये, असा त्याचा आशय आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १८ डिसेंबर १९८२ रोजी वैद्यकीय नीतीची तत्त्वे संमत केली. ज्या दंडाने बंदिवानाच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यास अपाय होऊ शकतो, तो सोसण्यास बंदिवान समर्थ आहे असा दाखला देणे, हाच नीतिभंग होय, असे त्यांत स्पष्ट केले आहे. दाखला देणारा वैद्य स्वतः चाबूक उचलीत नाही, तरीही त्याची सही दंडाचा भाग आहे, हे यातून मान्य झाले. मुस्लिम वैद्यांनीही स्वतंत्रपणे विचार केलेला आहे. जानेवारी १९८१ मध्ये कुवेत येथील परिषदेत त्यांनी इस्लामी वैद्यकीय आचारसंहिता सिद्ध केली आणि तीत सर्व परिस्थितीत मानवी जीवनाचे रक्षण करण्याची शपथ घातली.

यावर एक कायदेशीर आक्षेप घेतला जातो. छळाविरुद्धच्या १९८४ च्या आंतरराष्ट्रीय करारात 'कायदेशीर दंडातून उद्भवणारी वेदना' छळाच्या व्याख्येतून वगळली आहे, तेव्हा कायद्याने दिलेले फटके छळ ठरत नाहीत, असे काही राष्ट्रे म्हणतात. या युक्तिवादात मोठा दोष आहे. राष्ट्राने कोणतेही क्रौर्य कायद्यात लिहिले की ते कायदेशीर होत असेल, तर करारालाच अर्थ उरत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क समितीने १९९२ मध्ये शारीरिक दंडालाही क्रूर वागणुकीवरील बंदी लागू होते असे सांगितले आणि छळविषयक विशेष प्रतिवेदक नायजेल रॉडली यांनी १९९७ च्या अहवालात हीच भूमिका घेतली.

'वैद्य असल्याने वेदना कमी होते'

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. दंड तर होणारच. मग वैद्याने बहिष्कार घातला तर तेच काम कसायाच्या सुरीने होईल. वैद्य असेल तर भूल देता येईल, रक्तस्राव थांबविता येईल, दुर्बलाला वाचविता येईल. याला आधार म्हणून जेद्दामधील एक प्रसंग दाखविता येतो. रायफ बदावी या सौदी लेखकाला १००० फटके व दहा वर्षांचा कारावास सुनावण्यात आला होता. ९ जानेवारी २०१५ रोजी मशिदीसमोर त्यांना पहिले ५० फटके मारण्यात आले. पुढच्या शुक्रवारी वैद्याने तपासून सांगितले की जखमा भरलेल्या नाहीत, आणि दंड पुढे ढकलला गेला. पुढे जगभरातून निषेध झाला आणि उरलेले फटके मारले गेले नाहीत.

त्या वैद्याच्या शब्दाने एका माणसाची वेदना टळली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. 'जखमा भरलेल्या नाहीत' या वाक्यात 'भरल्यावर मारा' हे न बोललेले वाक्य दडलेले आहे. जखम भरणे हे वैद्याचे ध्येय. येथे ती भरणे म्हणजे पुढील फटक्यांस परवानगी. ज्याच्याविषयी वैद्य 'समर्थ' असे लिहितो, त्याला त्याच लेखणीने फटके मिळतात. वैद्यकशास्त्राजवळ रक्तदाब मोजण्याचे साधन आहे, परंतु एखादा मनुष्य अपमान किती सोसू शकेल हे मोजण्याचे साधन नाही. तेव्हा असा दाखला शास्त्रीय दृष्ट्याही पोकळ आहे. आणि पाकिस्तानचा अनुभव काय सांगतो? ज्या दंडाला वैद्याची गरज आहे, तो वैद्याच्या नकाराने अडतो. वैद्याची उपस्थिती दंड सौम्य करते त्याहून अधिक ती दंड शक्य करते, असे आमचे मत आहे.

म्हणून वैद्याच्या तीन कृतींत भेद करावा लागेल. दंडापूर्वी 'समर्थ' असा दाखला देणे ही पहिली, दंडाच्या वेळी शस्त्र धरणे किंवा देखरेख करणे ही दुसरी, आणि दंडानंतर जखमीवर उपचार करणे ही तिसरी. पहिल्या दोहोंपासून वैद्याने दूर राहिले पाहिजे. तिसरी मात्र त्याने नाकारता कामा नये. अपराधी असो, निरपराध असो, जखमी हा वैद्याचा रोगीच आहे.

हा प्रश्न एकाच धर्माचा नव्हे

येथे काही वाचक म्हणतील की, हे सर्व इतरांच्या घरातले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८९४ च्या तुरुंग अधिनियमात अर्ध्या इंचाहून कमी नाही अशा जाडीच्या वेताने, वैद्यकीय अधिकाऱ्यासमक्ष फटके मारण्याची तरतूद होती. १९७९ च्या पाकिस्तानी अध्यादेशातील वैद्य हा जितका शरियतीतून आला, तितकाच या वसाहतवादी तुरुंगातूनही आला. भारताने फटक्यांची न्यायालयीन शिक्षा १९५५ च्या अधिनियमाने रद्द केली. सिंगापूरमध्ये मात्र वैद्याच्या दाखल्यानंतर २४ पर्यंत वेताचे फटके मारण्याची पद्धत इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे, आणि तिचा इस्लामशी संबंध नाही. इराकमध्ये १९९४ साली सद्दाम हुसेन यांच्या शासनाने सैन्यातून पळणाऱ्यांचे कान कापण्याचा हुकूम काढला व ते काम शस्त्रवैद्यांकडून करवून घेतले. तो धर्माचा नव्हे, हुकूमशहाचा आदेश होता.

आपल्या देशाचाही विचार करावा. बंगालमध्ये कंपनी सरकारच्या न्यायालयांत मोगल काळापासूनचा इस्लामी फौजदारी कायदा चालत असे. कॉर्नवॉलिस यांनी १७९१ मध्ये अवयवच्छेद बंद करून एका अवयवाच्या जागी सात व दोन अवयवांच्या जागी चौदा वर्षांची सक्तमजुरी ठरविली. त्याहून कितीतरी आधी मनुस्मृतीने शूद्राने द्विजाचा अपमान केल्यास त्याची जीभ छाटण्याचा, आणि ज्या अवयवाने तो उच्चवर्णीयाला इजा करील तो अवयव तोडण्याचा दंड सांगितला होता. तेथे तर अपराधाहून अपराध्याचा वर्णच अधिक निर्णायक होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन का झाले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. ग्रंथाचा आधार मिळाल्याने क्रौर्य पवित्र होत नाही, हे आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या देहावर शिकलेले सत्य आहे. म्हणूनच काबूल किंवा खार्तूम येथील माणसाच्या वेदनेविषयी आपण उदासीन राहू शकत नाही, आणि त्या वेदनेचे निमित्त करून आपल्या शेजारच्या मुसलमानाचा द्वेषही करू शकत नाही.

मुस्लिम समाजातील विचारमंथन

सुदानमधील विचारवंत महमूद मोहम्मद ताहा यांनी निमेरींच्या कायद्यांना जाहीर विरोध केला. हे कायदे इस्लामला विकृत करतात व गरिबांना भरडतात, अशी त्यांची भूमिका होती. १८ जानेवारी १९८५ रोजी त्या वृद्ध पुरुषाला फाशी देण्यात आली. तीन महिन्यांच्या आत निमेरींची सत्ताही गेली. २००५ मध्ये युरोपातील मुस्लिम विद्वान तारिक रमदान यांनी सर्व मुस्लिम देशांत शारीरिक दंड व मृत्युदंड स्थगित करून त्यांवर खुली चर्चा करावी, असे आवाहन केले. हे दंड प्रत्यक्षात दरिद्री व स्त्रिया यांच्याच वाट्याला येतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. एप्रिल २०२० मध्ये सौदी अरेबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ताझीर म्हणून दिले जाणारे फटके बंद करून त्यांच्या जागी दंड वा कारावास ठरविला. त्याच वर्षी सुदाननेही अनेक अपराधांसाठीचे फटके रद्द केले. ही पावले अपुरी आहेत. हुदूदचे दंड त्यांनी गेलेले नाहीत. परंतु 'हे ईश्वरी आहे, बदलत नाही' असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बदल होत आहे, हे त्यांनी सिद्ध केले.

वधस्थानावरील भिक्खू

वैद्याच्या प्रश्नाला विनयपिटकात एक जवळचा दृष्टान्त सापडतो. मनुष्यहत्येविषयीच्या तृतीय पाराजिकाच्या विवरणात भगवंतांसमोर आलेली प्रकरणे नोंदलेली आहेत. त्यांतील एका प्रकरणात एक भिक्खू वधस्थानी जातो आणि वधकाला सांगतो की, याला तडफडत ठेवू नकोस, एका घावात संपव. वधक ऐकतो व तसेच करतो. त्या भिक्खूच्या मनात द्वेष नव्हता, दयाच होती. तरीही भगवंतांनी त्याला पाराजिक ठरविले. दुसऱ्या एका भिक्खूने असेच सांगितले, पण वधकाने त्याचे न ऐकता आपल्या पद्धतीने वध केला. तेथे पाराजिक झाले नाही, परंतु त्या शब्दाचा दोष म्हणून 'दुक्कट' सांगितले गेले. आणखी एका प्रकरणात हातपाय तोडलेला एक मनुष्य आपल्या नातेवाइकांत पडलेला आहे. त्याला मरण यावे असे नातेवाइकांना वाटते, आणि भिक्खू त्यांना त्याला ताक पाजण्यास सांगतो. त्याने तो मरतो, आणि तो भिक्खूही पाराजिक होतो.

ही प्रकरणे वधाची आहेत, फटक्यांची नव्हेत, हा फरक आम्ही विसरत नाही. परंतु त्यांतील तत्त्व आपल्या प्रश्नाला लागू पडते. दंड कोणाच्या हाताने होतो एवढेच विनय पाहत नाही. कोणाच्या शब्दाने तो घडला हेही पाहतो. दयाबुद्धीने उच्चारलेला शब्दसुद्धा हिंसेच्या यंत्राचा एक दाता बनू शकतो. करुणा खरी असेल तर तिने दंडाची रीत सुधारण्यात समाधान मानू नये.

मग राज्याने चोराचे काय करावे? दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाच्या पुरोहिताने याचे उत्तर दिले आहे. वध, बंधन आणि दंड यांनी चोरी मिटत नाही, जे उरतात ते पुन्हा राज्याला पीडा देतात. म्हणून शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला योग्य वेतन द्यावे, असा त्याचा सल्ला होता. दुष्काळात हात तोडणे थांबविणाऱ्या खलिफा उमर यांनाही चोरीमागची भूक दिसली होती. ती भूक जेव्हा राज्याला दिसेल, तेव्हा वैद्याला चोराचे मनगट तपासावे लागणार नाही. तोपर्यंत, कोणत्याही देशातील जो वैद्य 'समर्थ' हा शब्द लिहिण्यास नकार देतो, त्याच्या पाठीशी उभे राहणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.